काल आतडं कापलं आणि आज जेवायला सांगतात, ते का?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी आत्यासमोर जेवणाचा ट्रे ठेवला आणि काका ताडकन उभे राहिले. "अहो सिस्टर, कालच आतडं कापलंय हिचं. दुसऱ्या कुणाचा ट्रे तर नाही ना आणलात?"

"नाही काका, यांचाच आहे. झेपेल तेवढंच खाऊ द्या. आणि अकरा वाजता मी यांना चालवायला येते."

काकांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. नाकात नळी, हाताला सलाईन, कोरड्या ओठांवरून फिरवलेला ओला कापूस आणि आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. तेव्हा ती काळजी होती. आज त्याच्या बरोबर उलट सांगतात आणि तीही काळजीच आहे, हे घरच्यांच्या पटकन पचनी पडत नाही. आत्याच्या पोटाच्या उजव्या बाजूचा मोठ्या आतड्याचा भाग गाठीमुळे काढावा लागला. त्या महिनाभरात मी डॉक्टरांना, सिस्टरना, फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे समजलं ते इथे लिहितेय, कारण ऑपरेशनची तारीख ठरलेल्या घरात हे आधी माहीत असलं तर रुग्णाचे बरेच हाल वाचतात.

प्लंबरचा जोड आणि कलमाचा जोड

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं आणि मोठं आतडं दीड मीटर. दोन्हींच्या भिंती स्नायूंच्या असतात. टूथपेस्टची ट्यूब मागून पुढे दाबत आणावी तसे हे स्नायू लाटेलाटेने आकसतात आणि अन्न पुढे सरकतं. सर्जन आजारी तुकडा काढतात आणि उरलेली दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरने एकमेकांना जोडतात. डॉक्टरी भाषेत याला अ‍ॅनास्टोमोसिस म्हणतात. आपण नुसतं 'जोड' म्हणू.

जोड म्हटलं की आपल्याला प्लंबर आठवतो. पाणी बंद करा, जोड सुकू द्या, चोवीस तास नळ सोडू नका. आतड्याच्या जोडाला हा हिशेब लागू पडत नाही. तो बागेतल्या कलमासारखा असतो. कलम बांधताना वरची पट्टी दोन फांद्यांना फक्त धरून ठेवते, एकजीव होण्याचं काम फांद्याच करतात, आणि तेही रस वाहता असेल तरच. टाके म्हणजे ती पट्टी. आतड्याची टोकं सांधतात ती रक्तपुरवठा, प्राणवायू आणि प्रथिनं यांच्या जोरावर. सर्जनचं कसब जोड घट्ट करण्यात असतं तितकंच दोन्ही टोकांना ताण न येऊ देता भरपूर रक्त पोचवण्यात असतं. उपासमार झालेल्या, हालचाल थांबलेल्या शरीराकडे हा जोड सांधायला सामान कमी असतं.

पण जोडावरून अन्न गेलं तर तो सुटणार नाही का?

काकांचा हाच प्रश्न होता आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ऐकून मात्र मी चकित झाले. माणूस पूर्ण उपाशी असला तरी त्याचं आतडं कोरडं कधीच नसतं. लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून दिवसाला सुमारे ७ लिटर पाचकरस पोटात उतरतात. त्यांतला बहुतेक भाग शरीर परत शोषून घेतं. तोंडाला कुलूप लावलं तरी हे चालूच राहतं. चार-पाच घास मऊ अन्नाने त्यात अशी काय मोठी भर पडणार? लवकर खाऊ घातलेले रुग्ण आणि उपाशी ठेवलेले रुग्ण यांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे. लवकर खाल्ल्यामुळे जोड जास्त सुटतात असं त्यांत आढळलं नाही.

लवकर खाल्लं की कुणाकुणाला मळमळतं किंवा उलटी होते, हेही खरं. म्हणून "झेपेल तेवढंच". आत्याने त्या दिवशी तीन चमचे खाल्ले आणि ट्रे बाजूला सारला. कुणी आग्रह केला नाही. पोट फुगलेलं असेल, उलट्या होत असतील, तर जबरदस्तीने भरवणं धोक्याचंच. आतडं फाटून पोटात संसर्ग झालेला असेल किंवा तातडीचं ऑपरेशन झालेलं असेल, तर सर्जन वेगळा निर्णय घेतात आणि तो ऐकायचा.

लाजाळूचं पान

ऑपरेशननंतर डॉक्टर आणि सिस्टर येता-जाता एकच प्रश्न विचारतात, "गॅस पास झाला का?" आत्या बिचारी लाजून मान वळवायची. पण या प्रश्नामागे सगळी गोम आहे.

लाजाळूच्या पानाला बोट लावलं की ते मिटतं आणि थोड्या वेळाने आपोआप उघडतं. आतड्याचं तसंच आहे. सर्जनचे हात किंवा अवजारं लागली की त्याची लाट थांबते. या तात्पुरत्या संपाला इलियस म्हणतात. लहान आतडं बहुधा दिवसभरात कामाला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं दोन-तीन दिवस घेतं. वारा सरला म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत लाट पोचली. तेवढ्या एका आवाजासाठी वॉर्डमधली माणसं जीव मुठीत धरून थांबलेली असतात, हे मी पाहिलंय.

हा संप लांबवणाऱ्या दोन गोष्टी आपल्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं. दुखणं ती झकास थांबवतात, पण आतड्यालाही गुंगी आणतात. म्हणून आता पॅरासिटामॉल, पाठीतून किंवा पोटाच्या भिंतीत दिलेलं बधिरतेचं औषध असं थोडं-थोडं मिळून वापरतात आणि मॉर्फिन जमेल तितकं कमी ठेवतात. दुसरी गोष्ट सलाईनची. 'ताकद यावी म्हणून अजून एक बाटली लावा' असं आपण सर्रास म्हणतो. गरजेपेक्षा जास्त मीठपाणी शरीरात गेलं की पायाला सूज दिसते तशी आतड्याच्या भिंतीलाही येते, आणि सुजलेलं आतडं आळसावतं. रुग्ण पिऊ लागला की सलाईन काढतात ते त्याच्या भल्यासाठीच.

उलट, खाणं हा आतड्याला दिलेला इशारा असतो. अगदी च्युइंगगम चघळलं तरी मेंदूला वाटतं जेवण सुरू झालं आणि तो खाली निरोप धाडतो. काही ठिकाणी ऑपरेशननंतर च्युइंगगम देतात ते याच कारणाने.

हे उलटं तंत्र आलं कुठून?

१९९०च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी जुन्या प्रथा एकेक करून तपासायला घेतल्या. नाकातली नळी प्रत्येकाला हवीच का? इतके दिवस उपास कशासाठी? पलंगावरच का झोपायचं? ज्या प्रथेला आधार सापडला नाही ती सोडली, आणि वेदनाशमन, लवकर खाणं, लवकर उठवणं यांची एकत्र मोट बांधली. आठवडा-दहा दिवस पडून राहणारे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. २००१मध्ये युरोपातल्या काही सर्जननी मिळून या पद्धतीचा अभ्यासगट काढला. तिला इरास म्हणतात, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर सावरण्याची पद्धत. नावात 'नंतर' असलं तरी तिचा निम्मा भाग ऑपरेशनच्या आधीचा आहे.

तहान लागण्याआधीची विहीर

मोठं ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने डोंगर चढणं. त्या दिवशी हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांच्यावर एकदम भार पडतो. पायथ्याशी पोचल्यावर तयारी करता येत नाही. गाठ सापडल्याचं कळलं की घर हादरतं आणि रुग्णाला सगळे झोपवून ठेवतात. मधले तीन-चार आठवडे असे वाया जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण तेवढ्या दिवसांत बरंच करता येतं.

सगळ्यात आधी तंबाखू, मग ती ओढायची असो की चघळायची. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि कलमाला हवा असलेला रस नेमका तिथूनच यायचा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत जोड सुटण्याचा आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो. निदान चार आठवडे आधी सोडलं तर फरक पडतो. आठवडाच उरला असेल तरीही सोडावं.

मग रक्त. आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने थेंबथेंब रक्त गाळत असते आणि रुग्ण "हल्ली दम लागतो" म्हणून वयावर ढकलतो. आत्याचंही असंच झालं होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, आणि वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देऊन ते ऑपरेशनआधी वाढवता येतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणणं हेही याच आठवड्यांतलं काम.

खाण्यात प्रथिनांकडे लक्ष हवं. या काळात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं साधारण लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच विचारावा. नकळत वजन उतरलं असेल तर ते लाजून लपवू नका, आहारतज्ज्ञांना सांगा. आणि रोज चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. आत्या पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थकली, चौथ्या आठवड्यात अर्धा तास चालत होती.

आतडं अचानक अडकलं किंवा फुटलं तर यातलं काहीच करायला वेळ नसतो. अशा वेळी 'आधी तयारी करायला हवी होती' म्हणून स्वतःला किंवा रुग्णाला दोष देऊ नये.

आदला दिवस

मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नको, हा नियम आपल्या हाडीमासी खिळलाय. भुलेखाली जठरातलं अन्न उलटून फुप्फुसात शिरू शकतं, ही भीती त्यामागे आहे. बाळंतिणींमध्ये असं कसं घडतं हे कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६मध्ये नीट मांडलं, आणि ती भीती खरीच आहे. पण पाणी जठरात फार वेळ रेंगाळत नाही. म्हणून आजचा सर्वसाधारण नियम असा: अन्न ६ तास आधी बंद, आरपार दिसणारी पेयं २ तास आधीपर्यंत चालतात. दूध यात बसत नाही. बऱ्याच ठिकाणी भूल देण्याच्या दोन तास आधी साखरेचं खास पेय देतात, जेणेकरून शरीर उपाशी अवस्थेत ऑपरेशनला सामोरं जात नाही. आतडं अडकलेलं असेल, मधुमेहामुळे जठर मंद असेल किंवा वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील, तर नियम बदलतो. भूलतज्ज्ञांना हे आवर्जून सांगा.

काहींना पोट साफ करणारं औषध प्यायला देतात. ते मोठ्या प्रमाणात, लिटरच्या हिशेबात प्यावं लागतं आणि रात्र संडासातच जाते, हे सरळ सांगितलेलं बरं. गार करून, थोडं-थोडं प्यायल्याने ते सुसह्य होतं. सगळ्यांनाच ते लागतं असं नाही. आत्याला दिलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या काकूंना दिलं, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते.

रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची हे गोळीगणिक बदलतं, आणि स्वतःच्या मनाने थांबवणं जितकं वाईट तितकंच घेत राहणंही.

दुखत असताना चालायचं कसं?

अकरा वाजता सिस्टर खरंच आल्या. आत्याला आधी कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, कोपरावर भार देऊन बसवलं. सरळ पाठीवरून उठलं की पोटाच्या टाक्यांवर सगळा ताण येतो, म्हणून ही रीत. पाच मिनिटं नुसतं बसवलं, चक्कर येते का पाहिलं. मग एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात सिस्टरचा दंड, अशी खिडकीपर्यंत आणि परत. वीस पावलं असतील. काकांचा जीव खालीवर होत होता.

पलंगावर पडून राहिलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो आणि तिथे कफ साठतो. पिंढरीतलं रक्त संथ होऊन गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. स्नायू दिवसादिवसाला झिजतात. त्या वीस पावलांनी या तिन्ही गोष्टींना अडवलं. खोकला आला तर दाबून ठेवायचा नाही. उशी पोटाशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. आत्याची ती उशी घरी आल्यावरही महिनाभर सोफ्यावर होती.

यासाठी दुखणं आटोक्यात हवं. 'सहन करते मी' हा मोठेपणा इथे महागात पडतो, कारण दुखणारा माणूस खोल श्वास घेत नाही. चालताना, खोकताना किती दुखतंय ते सिस्टरना सांगा. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांचा एखाद वेळी खांदा दुखतो आणि घरचे हृदयविकाराच्या शंकेने घाबरतात. पोट फुगवायला भरलेला वायू श्वासपटलाला चेतवतो आणि त्याची जाणीव खांद्यात होते. दोन-तीन दिवसांत ते जातं. छातीत दाब किंवा धाप असेल तर मात्र वाट न पाहता सांगा.

पिशवी लागली म्हणजे सगळं संपलं का?

त्या शेजारच्या काकूंचं मलाशयाचं ऑपरेशन होतं. इतक्या खालच्या जोडाला निवांतपणा मिळावा म्हणून काही आठवडे शौचाचा मार्ग पोटावर काढतात. आतड्याचं टोक त्वचेवर आणलेलं असतं. त्याला स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी बसते. आदल्या दिवशी एक सिस्टर पेन घेऊन आल्या. काकूंना उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, पोटाला वळ्या कुठे पडतात ते पाहिलं, त्यांना स्वतःला कुठपर्यंत दिसतं ते विचारलं, आणि मग एक ठिपका काढला. तो ठिपका चार बोटं चुकला तर पिशवी गळते आणि माणूस घराबाहेर पडायचा थांबतो. ही खूण कुणी केली नाही तर आपण मागून घ्यावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

स्टोमा लाल, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो. त्याला हात लावला तर दुखत नाही. तो काळपट पडला तर मात्र लगेच दाखवायचा. लहान आतड्याच्या स्टोमामधून पातळ मल येतो. दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ लागला तर शरीरातलं मीठ आणि पाणी दोन्ही आटतं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसल्याने ते आणखी वाढतं. क्षारसंजीवनी घ्या आणि दवाखाना गाठा.

कोणत्या दिवसांत डोळ्यात तेल घालायचं

आम्हाला घरी सोडताना गोळ्यांचा कागद मिळाला. धोक्याची चिन्हं कोणती, हे कुणीच बसून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून कळलं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण लवकर घरी जाण्याच्या पद्धतीत ही माहिती औषधाइतकीच लागते.

जोडातून गळती व्हायचीच असेल तर ती बहुधा पहिल्या दहा दिवसांत, विशेषतः तिसऱ्या दिवसानंतर कळते. म्हणजे रुग्ण कदाचित घरी असताना. रोज थोडं कमी होत जाणारं दुखणं अचानक वाढलं, पोट टणक आणि फुगीर झालं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, थंडी वाजली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, गॅस सरायचा थांबला, झोपलेल्या अवस्थेतही नाडी शंभरीपार राहिली, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. ताप नाही म्हणून गळती नाही, असंही नसतं. वयस्कर माणसांत नुसता गोंधळलेपणा किंवा 'आज काहीतरी बरं वाटत नाही' एवढंच असू शकतं. घरच्या माणसाला रुग्णाचा चेहरा वाचता येतो. त्या वाचनावर विश्वास ठेवून फोन करावा.

एका पायाची पिंढरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं, ही गुठळीची चिन्हं. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं सहसा एकूण चार आठवडे चालतात. सुईचा कंटाळा येतो, पण ती मध्येच बंद करू नयेत.

घरी आल्यावर

पहिले काही आठवडे मऊ, कमी चोथ्याचं अन्न, थोडं-थोडं पाच-सहा वेळा, नीट चावून. चोथा कायमचा वाईट नसतो. जोडाच्या जागेची सूज उतरेपर्यंतची ही सवलत आहे. मग एकेक पदार्थ वाढवत जायचं. पोटाची बाहेरची त्वचा दोन आठवड्यांत जुळते आणि माणूस फसतो. आतले थर मजबूत व्हायला सहा आठवडे आणि त्याहून जास्त लागतात. तोवर ४-५ किलोपेक्षा जड काही उचललं की त्या जागी हर्निया व्हायची भीती असते. भरलेली बादली यात येते, नातवंडही येतं.

थकवा हे सगळ्यांत कमी बोललं जाणारं दुखणं. सकाळी आंघोळ केली तरी दुपारपर्यंत झोपावंसं वाटतं, आणि हे दोन-तीन महिने चालू शकतं. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून लोकांना नाटक वाटतं. आत्याला तिसऱ्या आठवड्यात याच कारणाने रडू फुटलं होतं.

शौचाची सवय तर बदलतेच. उजवीकडचं मोठं आतडं काढलं की पातळ होतं, कारण लहान-मोठ्या आतड्यामधली झडपही त्याबरोबर जाते आणि पित्त जास्त खाली उतरतं. हे त्रासदायक असेल तर त्यावर औषध आहे. मलाशयाचा भाग काढलेल्यांना वरचेवर आणि घाईने जावं लागतं, झालं असं वाटून पुन्हा जावं लागतं, कारण साठवणारी पिशवीच लहान झालेली असते. बरेच महिने ते कमी होत राहतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि औषधं यांनी मदत होते, पण त्यासाठी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं लागतं. आत्याने संकोच सोडून कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तिथे सहा, सात, सहा असे आकडे होते. तपासणीला ती ते पानच फाडून घेऊन गेली, डॉक्टरांनी ते पाहून एक औषध बदललं, आणि पुढच्या पानावर तीन आले.